नव्या माणसाचं वाचन

सभा दहाची होती. दहा वाजून वीस मिनिटांनी नुजहत शेख फाटकाशी रिक्षातून उतरली. डोक्यावर मोतिया रंगाची ओढणी, हातात सीताफळांची पिशवी, मागं कॉलेजात जाणारी मुलगी इफ्फत. सोसायटीतला अतुलचा फ्लॅट नुजहतला विकू द्यायचा की नाही, हे ठरवायलाच ती सभा बोलावली होती. नुजहतला मात्र वाटत होतं, आपलं स्वागत आहे.

करुणानं तिला सभा भरते त्या बुद्धविहाराच्या खिडकीतून पाहिलं आणि हातातली सतरंजी तशीच टाकून ती फाटकाकडं धावली.

"तू कशी काय आलीस?"

"कशी म्हणजे? मिटमिट्यापर्यंत बस, पुढं रिक्षा," नुजहत हसली. "मावशींचा फोन आला ना बुधवारी. म्हणाल्या, रविवारी ये, तुला वाचायचंय. तेव्हापासून पाठ करतेय."

"भाजी ढवळताना पण सार्वभौम, सार्वभौम," इफ्फत म्हणाली. "दोनदा जाळली अम्मीनं."

मावशी म्हणजे करुणाची आई, पारूबाई. आईनं काय करून ठेवलंय, ते करुणाच्या तिथल्या तिथं लक्षात आलं.

नवप्रबोध ही तीन इमारतींची सोसायटी पडेगावच्या रस्त्याला आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी सरकारी नोकरीतल्या बौद्ध कुटुंबांनी मिळून जमीन घेतली, त्यात करुणाचे वडील कडुबा सगळ्यांच्या पुढं होते. त्याआधी शहरातल्या औरंगपुऱ्यात खोली शोधण्यात त्यांचा अख्खा उन्हाळा गेला होता. आडनाव सांगितलं की खोली नुकतीच भाड्यानं गेलेली असायची. शेवटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका मुसलमान म्हाताऱ्यानं दुकानावरची खोली दिली. पारूबाईचा संसार तिथं सुरू झाला, करुणा तिथंच जन्मली.

सोसायटी उभी राहिल्यावर कडुबांनी एक प्रथा घातली. प्रत्येक सभा संविधानाच्या उद्देशिकेनं सुरू करायची आणि ती म्हणायची सगळ्यात शेवटी राहायला आलेल्यानं. त्यानं एकेक तुकडा म्हणायचा, बाकीच्यांनी उभं राहून त्याच्या मागून म्हणायचं. 'आम्ही' हा शब्द आधी नव्या माणसाच्या तोंडून निघू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढचा नवा येईपर्यंत मान त्याचाच. नव्याला बोलावणं करायचं काम पारूबाईचं. कडुबा गेले, पण तिचं काम सुटलं नाही. अतुलच्या घराचा सौदा ठरल्याचं कानावर आलं, तसा तिनं घेणाऱ्या बाईला फोन लावला. ना हरकत दाखला, मतदान वगैरे गोष्टी तिच्या गावीही नव्हत्या.

करुणा सोसायटीची सचिव. खुलताबादेत शाळेवर नागरिकशास्त्र शिकवते. नुजहत त्याच गावात उर्दू शाळेत गणित शिकवते. एका निवडणुकीच्या ड्यूटीवर दोघी एकाच बूथवर अडकल्या, रात्री एकाच डब्यात जेवल्या, तेव्हापासूनची मैत्री. नुजहतचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मार्चमध्ये गावातल्या कबरीवरून वाद पेटला, पोलिसांचे कठडे लागले, बाहेरचे लोक मोबाइल उंच धरून गल्ल्यांतून फिरायला लागले, तेव्हा नुजहत म्हणाली होती, "माझ्याच दारातून निघताना मलाच ओळखपत्र मागतात गं. इफ्फतचं कॉलेज शहरात आहे. एखादं शांत घर बघ." करुणानं अतुलचं घर सुचवलं. वर म्हणाली, "आमच्याकडं तसलं काही नसतं. तू निर्धास्त राहा."

आता ती म्हणाली, "चल, आधी घरी चहा घे. वेळ आहे सभेला."

"वेळ कुठाय? लोक तर बसलेत."

तेवढ्यात विहाराच्या पायरीवरून पारूबाईची हाक आली. "आलीस व्हय नुजहत! ये, ये. लेकीला बी आण. पुढं बस, मागं पंख्याचं वारं लागत नाय."

अध्यक्ष बुद्धभूषण यांनी करुणाला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. ते पैठणला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कडुबांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या चकरा त्यांनीच मारल्या होत्या.

"हे काय गं?"

"आईनं बोलावलं. नेहमीसारखं."

"आता परत कसं पाठवायचं?"

"परत कशाला पाठवायचं, काका? म्हणू द्या तिला."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिच्या मागून आपण म्हणायचं आणि पुढच्या घटकेला तिच्याच घराला हरकत घ्यायची?"

"मग नका घेऊ हरकत."

बुद्धभूषणांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "माझ्या एकट्याचं आहे का ते? हे बघ, वाचन शेवटी घेऊ. तोवर तिला तुझ्या घरी बसव."

ते दोघं आत आले तेव्हा पारूबाई नुजहतला पहिल्या रांगेत बसवून स्वतः शेजारी ठाण मांडून बसली होती.

"माई, आज वाचन शेवटी घेऊ," बुद्धभूषण म्हणाले. "आधी विषय उरकू."

"मग सुरवात कशानं करता? च्यानं? च्या तर अजून चुलीवर बी नाय."

सगळे हसले. त्या हसण्यात नुजहतला वाटलं, आपल्याला खूण झाली. तिनं पिशवी खाली ठेवली, ओढणी सारखी केली आणि उभी राहिली.

"आम्ही, भारताचे लोक," ती म्हणाली.

खुर्च्या जागच्या जागी राहिल्या. मग रत्नमाला उठली. ती तळमजल्यावर राहते, शिवणकाम करते. तिच्यामागं दुसरी रांग उठली. ती ओळ कानावर आल्यावर बसून राहायची सवय त्या सभागृहात कोणालाच नव्हती. गुडघे धरलेली माणसं समोरच्या खुर्चीच्या पाठीला रेटा देऊन उठली. मागच्या खुर्चीवरचा तरुण सत्यम सगळ्यांच्या शेवटी उठला.

"आम्ही, भारताचे लोक," सगळे म्हणाले.

नुजहतच्या हातात कागद नव्हता. ती शाळेत पाढे म्हणून घेते तशी एकेक तुकडा स्वच्छ टाकत गेली. 'अभिव्यक्ती'वर अडखळली, इफ्फतनं खालून पुरवलं. 'दर्जाची व संधीची समानता' आलं तेव्हा तिनं वाक्य पुरं करायच्या आत लोकांनी उचललं. तो तुकडा त्यांच्या पोराबाळांनाही पाठ आहे. बुद्धभूषण डोळे मिटून म्हणत होते. करुणा म्हणत होती आणि एकेकाचा चेहरा न्याहाळत होती. तिला वाटलं, होईल. एवढं म्हटल्यावर कोण हात वर करील?

टाळ्या पडल्या. "लई झाक म्हटलं बाई," मागून कोणी म्हणालं.

टाळ्या थांबल्यावर सत्यम उभा राहिला. तो वकिली करतो. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि वॉर्डातून उभं राहायची त्याची तयारी चालली होती. "अध्यक्षसाहेब, पुढच्या विषयाला सभासद नसलेल्यांनी बाहेर थांबायचं असतं. नियम आहे."

"हो, हो, बरोबर आहे," नुजहत लगेच उठली. "आमच्या शाळेतही तसंच."

"मग मी बी निघते," पारूबाई म्हणाली. "सभासद तर करुणा हाय. मला कुठं मत हाय?" आणि दोघींना घेऊन ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

खिडक्या उघड्या होत्या. करुणा लावायला गेली. पायरीकडच्या खिडकीची कडी गंजली होती. ती बसेना. दोनदा रेटा देऊन करुणानं नाद सोडला. मग जागेवर येऊन तिनं विषय वाचला : अतुल यांच्या सदनिकेच्या विक्रीस ना हरकत.

"मी कोणाच्या विरोधात नाय, हे आधी सांगतो," सत्यम म्हणाला. "बाईंनी म्हटलं, चांगलं म्हटलं. मी बी मागून म्हटलं. पण जरा आजूबाजूला बघा. मागच्या गल्लीत आपली घरं होती. आता बोटावर मोजण्याएवढी राहिली. जुन्या शहरात जागा उरली नाय म्हणून ती माणसं इकडं सरकतात, त्यांचा बी इलाज नाय. समोरच्या सवर्णांच्या लेआउटमध्ये आपल्याला कोणी प्लॉट देत नाय. म्हणजे आपला माणूस इथून निघाला की थेट पुण्याला जातो आणि आत येणारा आपला नसतो. उद्या चौदा एप्रिलला पुतळ्याला हार कोण घालणार?"

"ती घालंल की," रत्नमाला म्हणाली. "तिला काय हात नाहीत?"

हशा झाला. सत्यमही हसला. "घालतील, मावशी. पण लोकसभेला आपण आणि मागची गल्ली संविधान हातात घेऊन बरोबर फिरलो. विधानसभेला ते त्यांच्या उमेदवाराकडं गेले, आपण आपल्या. पुस्तक दोघांच्या हातात तेच होतं. त्यांची चूक नाय, आपली बी नाय. पण संविधान वाचवायचं तर आपण इथं पाहिजे. आणि मोजणीत धरावं लागंल एवढे पाहिजे."

"त्यासाठी कोणाला घर नाकारायचं?" बँकेत असलेली विशाखा म्हणाली. "आत्ता तर म्हटलं आपण सगळ्यांनी."

"विशाखाताई, तुमचा मुलगा कुठं असतो?"

"बंगळूरला."

"येणारे परत?"

विशाखानं दोन्ही हात मांडीवर घेतले.

अतुल शेवटच्या रांगेतून उठला. "मला पुढच्या महिन्यात पुण्याला हजर व्हायचंय. वर्षभर सांगतोय, आपल्यातलं कोणी घेत असेल तर आणा. एक तरी आला का? उलट आपलेच दोघं विचारून गेले की पुण्यात माझ्या ओळखीनं काही मिळेल का."

"नियमात दाखल्याची अटच नाही," करुणा म्हणाली. "कोणाला विकायचं हा अतुलचा प्रश्न आहे. आपण हे ठरवूच शकत नाही."

"मग विषय घेतलास कशाला, ताई?" सत्यमनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

करुणाकडं याला उत्तर होतं, पण ते सभेत देण्यासारखं नव्हतं. विषय पत्रिकेवर घे, असं बुद्धभूषण म्हणाले आणि तिनं घेतला. सगळ्यांच्या संमतीनं दाखला मिळाला तर नुजहतचा प्रवेश आणखी सन्मानानं होईल, असं तिला वाटलं होतं. हो म्हणतील, याबद्दल तेव्हा तिच्या मनात शंकाच नव्हती.

"बाबांना खोली कोणी दिली होती, हे इथं सगळ्यांना माहीत आहे," ती एवढंच म्हणाली.

"माहीत आहे ना," बुद्धभूषण म्हणाले. "म्हणून तर मी नाही म्हणत नाही. फक्त आज नको म्हणतो. निवडणूक होऊ दे. पोरं जिवाचं रान करतायत, त्यात हा विषय नको. पुढच्या सभेत बघू."

पुढं ढकलण्याच्या बाजूनं हात वर झाले. उजव्या बाजूची रांग आधी, मग मधली. काही हात खांद्यापर्यंतच उठले, पण उठले. विरोधात अतुल, रत्नमाला आणि करुणा. विशाखाचे हात मांडीवरच राहिले.

करुणा बाहेर आली तेव्हा नुजहत पायरीवर सीताफळ फोडून पारूबाईला गर काढून देत होती. पारूबाईला दात नाहीत, बिया नुजहतच काढत होती.

"मावशी सांगत होत्या, त्या घड्याळवाल्याच्या खोलीत तुझ्या बाबांना टिकटिकीनं झोप लागायची नाही," नुजहत म्हणाली. "आणि इथं आल्यावर टिकटिक नाही म्हणून लागेना." मग तिनं हात पुसले. "ती खिडकी लागत नाही वाटतं तुमची."

"नाही म्हणाले नाहीत, नुजहत. पुढं ढकललंय."

"सुना मैंने." तिनं बिया एका जागी गोळा केल्या. "तो वकील मुलगा गलत नै बोला. आमच्या मोहल्ल्यात तू घर मागितलं असतंस तर तिथंही कोणीतरी उठून असंच बोललं असतं. इतक्या नरमीनं बोललं नसतं कदाचित."

"तू अर्ज दे. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडं. मी तुझ्या बाजूनं लिहून देते."

"अर्ज कोणाच्या खिलाफ देऊ? आत्ता माझ्या मागून म्हणाले त्यांच्या? वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटेल, तिला रोज काय तोंड दाखवू?"

"अम्मी, बस जाईल," इफ्फत म्हणाली. ती मघापासून फाटकाकडं तोंड करून उभी होती.

पारूबाईला काय झालं ते नीटसं उमगलं नव्हतं, पण काहीतरी बिनसलं एवढं कळलं होतं. ती काठी टेकत आत गेली आणि चहा पीत उभ्या असलेल्या लोकांना मोठ्यानं म्हणाली, "हिनं वाचलंय. आता पुढचा नवा येईस्तोवर हीच वाचणार. कडुबाचा नेम हाय."

सीताफळांची पिशवी टेबलावर होती. जाताना बऱ्याच जणांनी एकेक उचललं.

पुढच्या शनिवारी करुणा कामासाठी बुद्धभूषणांच्या घरी गेली, तेव्हा तिथं काकासाहेब बसले होते. समोरच्या लेआउटचे ते कर्तेधर्ते. मूळ पैठणकडचे बागायतदार, शहरात बी-बियाण्याचं दुकान. सोसायटीच्या दारात ते आजवर मतं मागायला म्हणून सुद्धा आले नव्हते.

"अध्यक्षसाहेब, झकास निर्णय," ते म्हणत होते. "आमच्याकडं कानावर आलं. आपण सगळ्यांनी एक राहायला पाहिजे. नाहीतर पाच-दहा वर्षांत हा रस्ता ओळखू यायचा नाही."

बुद्धभूषणांनी चहाचा कप पुढं सरकवला.

"काकासाहेब," करुणा म्हणाली, "तुमच्या लेआउटमध्ये कोपऱ्यावरचा प्लॉट रिकामा आहे ना? तो आम्हाला द्याल? एक राहायचं म्हणताय म्हणून विचारते."

काकासाहेब मनापासून हसले. "ताई, माझं काय हो! माझी कधीच ना नसते. ते सभासद ठरवतात."

बुद्धभूषणांनी मान वर केली नाही. काकासाहेब गेल्यावर त्यांनी तो कप स्वतः उचलला, मोरीपाशी नेला आणि धुऊन झाल्यावरही नळ सुरूच ठेवून उभे राहिले.

"काका, सभा लवकर लावू," करुणा म्हणाली. "तुम्ही मांडा. तुमचं ऐकतील."

"मांडतो की."

"कधी?"

"निवडणूक होऊ दे," ते म्हणाले आणि नळ बंद केला.

डिसेंबरात अतुल पुण्याला गेला. जाताना किल्ली करुणाकडं देऊन गेला. "दाखला नसताना व्यवहार करायला मी तयार आहे," तो म्हणाला, "पण तिला विचार." करुणानं विचारलं. नुजहत म्हणाली, "मला घर पाहिजे होतं, करुणा. कब्जा नको." त्यानंतर दोघी खुलताबादेत भेटतात, शाळा सुटल्यावर कधी चहा घेतात, घराचा विषय कोणी काढत नाही. इफ्फत आता रोज बसनं ये-जा करते. सोसायटीवरून जाताना ती पलीकडच्या, सोसायटी न दिसणाऱ्या बाजूला बसते, असं करुणाला एकदा बसमध्ये दिसलं.

निवडणुकीची पत्रकं दारात पडायला लागली. एक सत्यमचं होतं, दुसरं मागच्या गल्लीतल्या उमेदवाराचं. दोन्हींच्या मागच्या बाजूला उद्देशिका छापली होती. पारूबाईनं दोन्ही कागद देव्हाऱ्याच्या जागी असलेल्या फळीवर, बुद्धमूर्तीशेजारी, कडुबांच्या फोटोला टेकवून ठेवले. बाबासाहेबांचे शब्द केरात कसे टाकायचे, म्हणाली.

पुढची सभा सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर आहे. विक्रीचा विषय त्या सभेत घ्यायचा की नाही, हे अध्यक्षांनी सांगितलेलं नाही. अतुलचा फ्लॅट बंद आहे. पारूबाईनं परवा नुजहतला फोन लावला. इफ्फतनं उचलला आणि अम्मीला सांगते म्हणाली. पारूबाई जिन्यात भेटेल त्याला सांगते आहे की वाचायला खुलताबादची बाई येणार. लोक मान हलवतात आणि पुढं जातात. नुजहतकडून अजून काही कळलेलं नाही.